सासू-सासरे येणार म्हणून सॉनाला ९ किलोवॅटचा हीटर घ्यायचा का?

पत्र थोडक्यात: लिहिणारी फिनलंडमध्ये एस्पोला राहते, मूळची साताऱ्याची, घरात नवरा आणि सात वर्षांची मुलगी. चार वर्षांपूर्वी त्यांनी जुनं रो-हाउस घेतलं, त्यात छोटा सॉना आहे, म्हणजे हीटरवरच्या तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची लाकडी खोली, १.८ मीटर बाय १.६ मीटर, उंची २.१ मीटर, दार काचेचं. जुना हीटर ६ किलोवॅटचा. हल्ली तो तापायला सव्वा तासाच्या वर घेतो, पाणी टाकलं तर वाफ येते न येते. नवरा म्हणतो की हा पहिल्यापासून छोटाच होता, जूनमध्ये आई-बाबा तीन महिन्यांसाठी येतायत, पाच माणसं बसणार, आता सरळ ९ चा घेऊ, मोठा असला की काळजी नाही, लवकर तापेल आणि गरज नसेल तेव्हा कमीवर ठेवू. हिला वाटतंय की उगाच बिल वाढेल आणि सासऱ्यांना बीपी आहे, त्यांना एवढं गरम सोसणार नाही. त्यात सॉना आणि बाथरूममधली लाकडी भिंत काढून तिथे पूर्ण काच लावायचाही विचार चाललाय. ती विचारते, "ताई, दोन आठवडे यावरून घरात वाद चाललाय, नक्की कोणाचं बरोबर?"

अगं, आधी हे सांगते की तुमच्यापैकी कोणी चुकीच्या हेतूने वाद घालत नाहीये, त्याला आई-बाबांना नीट सॉना दाखवायचाय आणि तुला त्यांना त्रास होऊ द्यायचा नाहीये, दोन्ही एकाच मायेतून आलंय. पण तुमच्या दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती तपासून बघितली ना तर निम्मा वाद तिथेच मिटेल असं मला वाटतं. ती म्हणजे किती किलोवॅट हे माणसांवर ठरतं आणि किती गरम होणार हे किलोवॅटवर ठरतं. दोन्ही तसं नसतं.

हे आपल्या डोक्यात का बसलंय तेही मला माहितीये. आपण गीझर माणसं मोजून घेत आलो, तिघं असतील तर १५ लिटर, सासू-सासरे असतील तर २५. गीझरला ते बरोबरच आहे कारण प्रत्येकाला वेगळं पाणी लागतं. सॉनाच्या हीटरचं गणित एसीसारखं असतं. एसी घेताना दुकानदार विचारतो ना खोली केवढी, वरचा मजला आहे का, पश्चिमेला खिडकी आहे का, आणि मग सांगतो एक टन का दीड टन. घरात माणसं किती हे तो फार तर शेवटी विचारतो. इथे तसंच आहे, फक्त उलट्या दिशेने. खोलीत हवा किती आणि भिंती उष्णता किती खातात, बस. पाच जण बसले काय आणि एकटी तू बसलीस काय, भिंती त्याच.

तर मोजून बघू. १.८ गुणिले १.६ गुणिले २.१ म्हणजे साधारण ६.०५ घनमीटर. मोजताना बाकांच्या खालची जागा वजा करायची नाही, तीही खोलीच असते, बरेच जण तिथे चुकतात. इथला नेहमीचा हिशोब म्हणजे एका घनमीटरला ढोबळ एक किलोवॅट, पण तो फक्त लाकडी पॅनेल आणि आत नीट इन्सुलेशन असलेल्या भिंतींना लागू पडतो. काच, टाइल्स, वीट, नुसतं काँक्रीट, असं जे काही उघडं असेल त्याच्या प्रत्येक चौरस मीटरला आणखी १.२ घनमीटर धरायचे, काही कंपन्या १.५ पण धरतात. तुझं काचेचं दार ७० सेंटिमीटर बाय १.९ मीटर धरलं तर १.३३ चौरस मीटर, त्याचे १.६ घनमीटर. एकूण झाले ७.६५.

आता कंपन्यांचे तक्ते बघ. नेहमीच्या भिंतीवरच्या हीटरला साधारण असं असतं की ४.५ किलोवॅट ३ ते ६ घनमीटरला, ६ चा ५ ते ८ ला, ८ चा ७ ते १२ ला आणि ९ चा ८ ते १४ ला. म्हणजे तुझा जुना ६ चा हीटर छोटा नव्हता, रेंजच्या वरच्या टोकाला होता पण रेंजमध्ये होता. आणि ९ चा हीटर आजच्या खोलीला रेंजच्या बाहेर जातो, हे तक्ताच सांगतोय, मी नाही. ८ चा बसतो, पण अगदी खालच्या टोकाला.

मग तो सव्वा तास का घेतोय? पत्रात तू सहज एक वाक्य लिहिलंयस की घर घेतल्यापासून हीटरला हात लावलेला नाही. मला वाटतं उत्तर तिथेच आहे. चार वर्षं तुमची आणि त्याआधीची कोणास ठाऊक किती, दगड तेच. हे दगड तापतात, त्यावर गार पाणी पडतं, परत तापतात, असं शेकडो वेळा झालं की आतून भेगा जातात, चुरा होतो, तो चुरा खाली बसतो आणि दगडांमधून हवा फिरायला जागाच राहत नाही. हवा फिरली नाही की कॉइल स्वतःच्याच उष्णतेत जळत राहते, खोली गार ती गार. इथले लोक दगड वर्षातून एकदा तरी काढून, फुटके टाकून परत रचतात, रोज वापर असेल तर त्याहून जास्त वेळा. तू या शनिवारी हीटर पूर्ण गार असताना, त्याचा फ्यूज बंद करून, वरचे दगड एका बादलीत काढून बघ. हाताने दाबल्यावर कडेचे तुकडे पडतायत का, खाली राखेसारखी भुकटी आहे का, कॉइल वाकल्यात का. कॉइल धड असतील तर नुसते दगड बदलूनसुद्धा जुना हीटर वर्षभर चालेल, पंधरावीस किलो दगड बांधकामाच्या सामानाच्या कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतात. कॉइल गेल्या असतील किंवा हीटर फारच जुना असेल तर नवा घ्या, पण मग हे मनात पक्कं असू दे की जुना आकाराने कमी नव्हता, त्याची निगा कमी पडली.

आता तुझ्या नवऱ्याचं म्हणणं घेऊ कारण ते ऐकायला एकदम बरोबर वाटतं. मोठा घेऊ, लवकर तापेल, कमीवर ठेवू. हे मी स्वतः भोगलंय म्हणून जरा सविस्तर सांगते.

आम्ही इथलं पहिलं घर घेतलं तेव्हा सॉना तुझ्यासारखाच होता, सहा घनमीटरच्या आसपास, आणि आधीच्या मालकाने त्यात ९ चा हीटर बसवलेला. आम्ही खूश. वीस मिनिटांत थर्मामीटर ८५ दाखवायचा, आम्ही आत जाऊन बसायचो, कान भाजायचे, नाकाच्या आत कोरडं कोरडं व्हायचं, आणि पाठ मात्र गार. मग डावाने पाणी टाकायचं तर चर्र असा एक छोटासा आवाज आणि नंतर खालून टप टप टप, पाणी दगडांतून तसंच गळून फरशीवर, थोडं कोमट झालेलं. वाफ म्हणावी तर वर कुठेतरी एक झुळूक. आम्हाला वाटायचं सॉना म्हणजे असंच असतं, यात एवढं काय आहे, दहा मिनिटांत बाहेर यायचो. एकदा शेजारच्या फिनिश आजी आल्या, बसल्या, एक डाव पाणी टाकलं, खाली गळालेलं बघितलं आणि म्हणाल्या की दगड अजून झोपलेत. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं, दार पाच मिनिटं उघडं ठेवलं, हीटर परत लागू दिला, असं दोनदा केलं आणि तासाभराने आम्हाला आत बोलावलं. थर्मामीटर ७५ वर होता, म्हणजे आधीपेक्षा कमी, पण पाणी टाकल्यावर आवाज वेगळाच आला, लांब, मऊ, आणि खाली एक थेंब नाही. मग वरून ती वाफ आली, खांद्यावर, पाठीवर, कोणीतरी गरम शाल पांघरावी तशी. याला ते लॉयलू म्हणतात आणि या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप असतो हे मला त्या दिवशी कळलं.

झालं काय होतं ते नंतर लक्षात आलं. थर्मोस्टॅट दगडांचं तापमान बघत नाही, तो हवेचं तापमान बघतो. हीटर खोलीच्या मानाने फार मोठा असेल तर हवा झटकन तापते, थर्मोस्टॅटला वाटतं झालं काम, तो कॉइल बंद करतो, आणि दगडांना तापायला वेळच मिळत नाही. भिंती पण गार राहतात. कमीवर ठेवलं तर आणखी वाईट, कारण बहुतेक साध्या हीटरमध्ये कमीवर म्हणजे पॉवर कमी नाही, थर्मोस्टॅटचा आकडा कमी, म्हणजे तो आणखी लवकर बंद होणार.

आपल्याकडे तवा कसा असतो बघ. पातळ ॲल्युमिनियमचा तवा मोठ्या गॅसवर ठेवला तर दोन मिनिटांत धूर निघतो, पण पीठ पडलं की गार, घावन चिकटलंच. बिडाचा तवा मध्यम आचेवर तापायला वेळ घेतो पण एकदा तापला की एकामागून एक घावन काढा, तो हलत नाही. गॅस केवढा यापेक्षा तवा कसला हे महत्त्वाचं. सॉनात बिडाचा तवा म्हणजे दगड.

आकड्यात सांगायचं तर, एक डाव म्हणजे २०० मिली पाणी, त्याची पूर्ण वाफ करायला ५०० किलोज्यूलच्या थोडी वर उष्णता लागते. एक किलो दगड एक अंशाने तापायला एक किलोज्यूलपेक्षा जरा कमी. म्हणजे हीटरमध्ये २० किलो दगड असतील तर एका डावामागे ते सरासरी ३० अंशांच्या आसपास गार होतात, ८० किलो असतील तर फक्त सातएक अंश. आणि ही गेलेली उष्णता भरून काढायला ६ किलोवॅटला दीड मिनिट लागतं, ९ ला एक मिनिट. म्हणजे तुमचा सगळा वाद अर्ध्या मिनिटाचा आहे बघ, आणि दगडांमुळे पडणारा फरक चौपट.

म्हणून पाच माणसांची काळजी असेल तर त्याचं उत्तर किलोवॅटमध्ये शोधू नका, दगडांत शोधा. जास्त माणसं म्हणजे दार जास्त वेळा उघडणार, पाणी जास्त वेळा टाकलं जाणार, ते सोसायला दगडांचा साठा पाहिजे. भिंतीवरच्या नेहमीच्या हीटरमध्ये वीसेक किलो बसतात, आणि आता उभ्या जाळीचे खांबासारखे हीटर मिळतात त्यात ८०, १०० किलो आणि वर सुद्धा बसतात, त्याच ६-७ किलोवॅटवर. त्यांची एक किंमत मोजावी लागते, ते तापायला तास लागतो, अर्ध्या तासात नाही होत. रोज ऑफिसमधून येऊन पटकन पंधरा मिनिटं बसणाऱ्यांना ते जाचक होतं आणि त्यांनी कमी दगडांचाच घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. पण तू लिहिलंयस की तुमचा सॉना शनिवारचा असतो आणि पाहुणे आले की. शनिवारी तास आधी लावायला काय हरकत आहे, तेवढ्यात भाजी निवडून होते. तुझ्या घरासाठी मी डोळे झाकून जास्त दगडांचाच सांगेन.

हे झालं आजच्या खोलीचं. पण तुझ्या पत्रातला खरा मोठा प्रश्न तू शेवटी एका ओळीत उरकलायस, तो म्हणजे काचेची भिंत. अगं, हीटरचा आकार सासू-सासरे ठरवत नाहीत, ती काच ठरवणार आहे! १.८ मीटर रुंद आणि २.१ उंच अशी पूर्ण भिंत काचेची केली तर ३.७८ चौरस मीटर काच, दार त्यातच आलं. त्याचे साडेचार घनमीटर, अधिक खोलीचे ६.०५, म्हणजे साडेदहाच्या पुढे. आता ६ चा खरंच छोटा पडतो, तो सतत चालू राहील, थर्मोस्टॅट कधी बंदच होणार नाही, कॉइल लवकर जातील. इथे ८ चा पाहिजे, ९ चाही चालतो. म्हणजे नवऱ्याचा आकडा बरोबर ठरू शकतो, पण कारण वेगळं.

आणि मग त्याच्या मागे विजेचं काम येतं, ते आधीच बघून घ्या. इथे थ्री-फेज असतं म्हणून सोपं आहे. ६ किलोवॅट म्हणजे प्रत्येक फेजवर पावणेनऊ अँपिअर, त्याला १० अँपिअरचे तीन फ्यूज आणि दीड एमएमची वायर पुरते, तुमच्याकडे बहुतेक तेच असणार. ८ ला साडेअकरा अँपिअर लागतात आणि ९ ला १३, म्हणजे १६ अँपिअरचे फ्यूज आणि अडीच एमएमची वायर. ती वायर पॅनेलच्या मागून गेलेली असते, बदलायची तर लाकूड काढावं लागतं. भिंत पाडायचीच असेल तर हे काम त्याच वेळी होऊन जातं, पण आज हीटर ९ चा आणला आणि भिंत पुढच्या वर्षी असं केलंत तर दोनदा खर्च. मधला एक पर्याय ६.८ किलोवॅटचा, हा आकडा विचित्र वाटतो पण १० अँपिअर गुणिले २३० व्होल्ट गुणिले तीन फेज केलं की ६.९ येतात, म्हणजे जुन्या वायरवर जास्तीत जास्त जेवढं बसेल तेवढं. काच लावायची नसेल तर तुझ्या ७.६५ घनमीटरला हा मला सगळ्यात योग्य वाटतो, ६ च्या वरच्या टोकाची धाकधूक नको आणि ८ ची वायर पण नको. वायर आणि फ्यूज मात्र त्या मॉडेलच्या कागदावर दिलेत तसेच आहेत ना ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घे.

हीटर जोडायचं काम घरी करायचं नाही, नवऱ्याला कितीही येत असलं तरी. इथे ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच काम आहे, टुकेस या सरकारी संस्थेच्या रजिस्टरमध्ये कंपनीचं नाव शोधता येतं, आणि काम झाल्यावर तपासणीचा कागद मागून घ्यायचा. घर विजेच्या हीटिंगवर असेल तर त्याला हेही विचारा की हीटर लागला की घराचं हीटिंग तेवढ्यापुरतं बंद होईल अशी जोडणी आहे का, बऱ्याच जुन्या घरांत असते आणि नवा हीटर लावताना ती तुटून राहते. भिंतीसाठी तर हाउसिंग कंपनीला, म्हणजे आपल्या भाषेत सोसायटीला, आधी लेखी कळवावं लागेल, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग त्यात येतं. हे वेळ खाणारं असतं, जूनच्या आत होईलच असं धरून चालू नका.

बिलाची तुझी भीती मात्र मला जरा जास्त वाटते. खोली आणि दगड तापवायला लागणारी उष्णता तेवढीच, मोठा हीटर ती कमी वेळात देतो आणि छोटा जास्त वेळात. ६ चा हीटर एकदाही बंद न होता दीड तास चालला तरी ९ युनिट. ९ चा घेतल्याने हे दीडपट होत नाही. तुम्ही स्पॉट रेटवर, म्हणजे बाजाराप्रमाणे दिवसभर बदलणाऱ्या विजेच्या दरावर असाल तर किती किलोवॅट यापेक्षा कुठल्या तासाला लावता याने बिल जास्त हलतं. बिल वाढवते ती काच, कारण ती पूर्ण वेळ उष्णता बाहेर देत बसते.

आता सासऱ्यांचं. छोटा हीटर घेतला म्हणून त्यांना कमी गरम लागेल असं नाही होणार, ६ चा पण ९० वर नेता येतोच. त्यांच्यासाठी तापमान कमी ठेवायचं, ६० ते ७० च्या मध्ये, आणि मुख्य म्हणजे त्यांना खालच्या बाकावर बसवायचं. सॉनात वर आणि खाली यात खूप फरक असतो, छताजवळ ८० असेल तेव्हा खाली पायाशी त्याच्या निम्मं सुद्धा असू शकतं. फिनिश लोक वरच्या बाकावर बसतात ते पाय दगडांच्या पातळीच्या वर यावेत म्हणून, वाफ तिथेच फिरते. पहिल्यांदा बसणाऱ्या आपल्या माणसांनी खाली बसावं, पाचसात मिनिटं, मग बाहेर येऊन पाणी प्यावं, वाटलं तर परत. बीपीच्या गोळ्या चालू आहेत तर निघायच्या आधी तिकडेच त्यांच्या डॉक्टरांना विचारून यायला सांग, इथे आल्यावर फोनाफोनी नको. उठताना सावकाश, एकटं सोडायचं नाही, आणि चक्कर आल्यासारखं वाटलं की लगेच बाहेर. यात जास्त दगडांचा हीटर तुझ्याच बाजूने आहे, कारण ६५ वरसुद्धा वाफ चांगली मिळते, कोरड्या ८५ ची गरजच पडत नाही.

हवेचा विषय मी थोडक्यात सांगते. बऱ्याच भारतीय घरांत मी बघितलंय की गार हवा येते म्हणून सॉनाची हवा खेळायची झडप कापड कोंबून बंद केलेली असते. ती काढा. ताजी हवा हीटरच्या वरून किंवा जवळून आत आणि दुसऱ्या बाजूने बाकाखालून बाहेर, तासाला साधारण सहा वेळा हवा बदलली पाहिजे असं हीटरच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. झडप बंद असली की डोकं जड होतं आणि लोक म्हणतात हीटर बरोबर नाही. आणि नव्या हीटरचा सेन्सर त्या झडपेच्या तोंडाशी नको, त्याला गार हवा लागते आणि तो हीटरला उगाच चालू ठेवतो.

दुकानात जाताना अजून एक बघ, हीटरपासून लाकडापर्यंत किती अंतर ठेवायचं ते प्रत्येक मॉडेलच्या कागदावर दिलेलं असतं आणि मोठ्या हीटरला ते सहसा जास्त लागतं. १.६ मीटरच्या बाजूत दहा सेंटिमीटर इकडे तिकडे झाले तर एक माणूस कमी बसतं, म्हणजे पाच जणांसाठी म्हणून मोठा घ्यायचा आणि त्याच्यामुळेच चार जण मावायचे असं व्हायला नको. मुलगी सात वर्षांची आहे, हीटरभोवती लाकडी कठडा घ्याच. आणि फोनवरून चालू होणारा घेणार असाल तर त्याच्याबरोबर दाराचा सेन्सर असतो तो लावायचा टाळू नका, कारण कोणीतरी ओले टॉवेल हीटरवर वाळत घातलेत आणि तू ऑफिसमधून बटण दाबलंस, अशाच आगी लागतात. सॉनात कपडे वाळत घालायची सवय असेल तर ती आजच बंद कर, सासूबाईंनाही पहिल्याच दिवशी सांग, त्यांना ती जागा कपडे वाळवायला उत्तम वाटणार.

पुणे-नाशिकच्या बंगल्यात सॉना करायचाय अशीही पत्रं येतात म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. तिकडे खोली विटांची आणि आतून टाइल्स लावलेली असते. तुझ्याच मापाची खोली तशीच ठेवली तर चारी भिंतींचे १४ चौरस मीटर, त्याचे १७ घनमीटर, अधिक ६, म्हणजे २३, आणि एवढ्याशा खोलीला २० किलोवॅटच्या पुढचा हीटर निघतो. तो घ्यायचा नाही, आधी इन्सुलेशन, फॉइल आणि लाकूड लावायचं, मग तीच खोली ६ वर येते. आणि सिंगल फेजवर ६ किलोवॅट म्हणजे २६ अँपिअर, तेव्हा मीटरचा मंजूर लोड आधी बघा.

तर तुमच्या घरात मी असं करेन. आज संध्याकाळी दोघांनी मिळून टेप घ्या, खोली परत मोजा, काच आणि हीटरमागच्या टाइल्स असतील तर त्याही मोजा. मग एकच गोष्ट ठरवा, काचेची भिंत या दोन वर्षांत नक्की होणार आहे का. होणार असेल तर आत्ता नवा हीटर नकोच, दगड बदलून जुना चालवा आणि भिंतीबरोबर ८ चा किंवा ९ चा घ्या, वायरसकट. होणार नसेल तर ६ किंवा ६.८ चा, दगड जेवढे जास्त मावतील तेवढे, आणि मेच्या मधेच बसवून घ्या म्हणजे आई-बाबा यायच्या आधी तुम्हाला त्याचा स्वभाव कळेल. भिंत ठरवताना एवढं विचार की काच आवडते म्हणून हवीये का खोली कोंदट वाटते म्हणून. कोंदट वाटत असेल तर ते झडपेनेही सुटेल.

नवा आला की दगड आधी धुवून घ्या, पहिलं पाणी काळंकरडं निघतं, स्वच्छ निघेपर्यंत धुवा. रचताना मोठे खाली, छोटे वर, ठोकून बसवायचे नाहीत, कॉइल दिसता कामा नये पण दगड कॉइलमध्ये अडकताही कामा नयेत. पहिल्यांदा दगड रचलेला हीटर नुसताच तापवा, दार उघडं ठेवून, नव्या कॉइलचा वास येतो तो जाऊ द्या, त्या दिवशी कोणी आत बसू नका. दुसऱ्या वेळी तास झाला की एक डाव पाणी टाका आणि खाली वाकून बघा. खाली गळालं तर अजून पंधरा मिनिटं थांबा.